पाठीचं कातडं

"हे पाठीचं का पोटाचं?"

समोरच्या माणसाच्या कमरेचा पट्टा दोन बोटांत धरायचा, त्यावरून अंगठा फिरवायचा आणि त्याच्या तोंडाकडं बघत हा प्रश्न टाकायचा, ही आप्पांची रोजची रीत. त्यासाठी ओळख असायला हवी असं काही नव्हतं. निपाणीच्या जुन्या रस्त्याला चिकोडीची बस थांबली की खाली उतरलेल्या कंडक्टरची चामडी पिशवी ते आधी चाचपायचे, रामराम मागाहून. एकदा तर बंदोबस्ताला उभ्या असलेल्या पोलिसाच्या पट्ट्यालाच त्यांनी हात घातला. पोलीस दचकून मागं सरला. शेजारचा चहावाला म्हणाला, साहेब राग मानू नका, न्हावी आहेत, चामडं दिसलं की ह्यांना राहवत नाही. पोलिसालाही हसू आलं. सरकारकडनं मिळालेला आहे, पाठीचा का पोटाचा ते आपल्याला काय ठाऊक, असं तो कन्नड मिसळलेल्या मराठीत म्हणाला.

"सरकारी म्हंजे पोटाचाच," आप्पा म्हणाले आणि पुढं चालू लागले.

असा एखादा तुमच्याही गल्लीत असेल. दुसऱ्याच्या सदऱ्याचं कापड चिमटीत धरणारा, नाहीतर परक्या घरात शिरल्या शिरल्या दारावर टिचकी मारून लाकूड ओळखणारा. आपण अशा माणसाला हसतो आणि सोडून देतो. तो जे विचारतो ते खरोखर विचारत असेल, त्याला उत्तर हवं असेल, हे आपल्या मनात येत नाही. माझ्या तर आठ वर्षं आलं नाही.

आप्पा सत्तरीच्या पुढचे. अंगानं वाळलेल्या शेंगेसारखे, पांढरा सदरा, खिशात तपकिरीची डबी. तपकीर ओढून ओढून नाक मेलंय, आता अत्तर आणि गटार मला सारखंच, असं तेच सांगायचे. त्यांच्या मुलाचं सलून आणि मी कामाला असलेलं सीटकव्हरचं दुकान एका भिंतीला लागून. मुलाच्या सलूनला काचेचं दार, आत थंड हवा, वापरून फेकायच्या पात्यांचे वस्तरे. आप्पांची जागा बाहेर, पाटीखालच्या स्टुलावर.

माझं गाव हिंगोलीकडं. सातवीत शाळा सुटली. नांदेडात रेक्झिन शिवायला शिकलो, आणि कुणीतरी सांगितलं की निपाणीत एका मालकाला शिवणारा माणूस पाहिजे, म्हणून पिशवी घेऊन इथं आलो. इथली मराठी मला कळायची, पण जोरात बोललेली असली की भांडण चाललंय असं वाटायचं. कन्नड तर अजिबात नाही. खोली कुणी देईना. आधार कार्डावर हिंगोली बघून घरमालकीण म्हणायची, एवढ्या लांबचा माणूस, उद्या पळून गेला तर कुठं शोधायचा? तेव्हा ह्या माणसानं, ज्याला मी चार दिवसांपूर्वी पहिल्यांदा बघितलं होतं, तिला सांगितलं की हा आमचा पाव्हणा आहे. तिनं खोली दिली. तेव्हापासून त्यांच्या लेखी मी पाव्हणाच. मला नाव आहे हे त्यांना माहीत होतं की नाही, देव जाणे.

मला कुणी काही दिलं की मला झोप लागत नाही. शटरचं कुलूप तीनदा ओढून बघणारा माणूस मी; कुणाचं ओझं अंगावर राहिलं तर तेही मी रोज ओढून बघतो. आप्पांचं ओझं असं वाढतच गेलं. लग्न झालं, बायको इथं आली. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं ठरलं होतं, पण आठव्या महिन्यातच तिला कळा सुरू झाल्या. बेळगावच्या दवाखान्यात नेईपर्यंत गाडीत पुढच्या सीटवर आप्पा बसले होते, ड्रायव्हरला रस्ता सांगत आणि मधेच त्याच्या सीटचं कव्हर चाचपत. मुलगी झाली. तिला काचेच्या पेटीत ठेवली. मला त्या पेटीजवळ जायचा धीर होईना. आप्पा गेले, काचेला कपाळ लावून बराच वेळ बघून आले.

"डोस्कं लिंबाएवढं हाय," ते म्हणाले. "पण केस बगा कसं हायत. हिचं जावळ मी काडणार. तवर मला बी काय हुईत न्हाय आन् तिला बी."

मी व्हय म्हणालो. त्या वेळी त्यांनी माझं घर मागितलं असतं तरी व्हय म्हणालो असतो.

नंतर मला कळलं की त्या होकाराची त्यांना किती भूक होती. चार वर्षं त्यांच्या हाती कुणी डोकं दिलं नव्हतं. त्यांची जुनी गिऱ्हाइकं एकेक करून वारली. उरलेल्यांना मुलानं आत थंड हवेत ओढलं. लग्नातल्या नवऱ्याची दाढी, बाळाचं जावळ, ही कामं पूर्वी त्यांच्याशिवाय होत नव्हती. आता मुलगा परस्पर जाऊन करून यायचा. आप्पा रोज सकाळी धोकटी घेऊन यायचे, स्टुलाखाली ठेवायचे आणि रात्री तशीच घेऊन जायचे.

त्या धोकटीत दोन वस्तरे आणि एक चामड्याचा पट्टा. वस्तऱ्याबद्दल ते फारसं बोलायचे नाहीत. पोलाद कुणालाही विकत मिळतं, म्हणायचे. बोलायचे ते पट्ट्याबद्दल. सहाणेवर लावलेली धार करवतीसारखी असते. ती मऊ होते पट्ट्यावर, आणि मऊ धार केस कापते, कातडं सोडते. फेकायचं नवं पातं पहिल्या दाढीला चावतं, हे त्यांचं ठाम मत. म्हणून पट्ट्याचं चामडं निवडणं हा अर्धा धंदा. चामडं म्हशीचं किंवा घोड्याचं, हिरडा आणि बाभळीच्या सालीत कमावलेलं, आणि पाठीचं. जनावराचं पोट भरतं, रिकामं होतं, त्यामुळं तिथलं कातडं ताणून ढिलं झालेलं असतं. पोटाचा पट्टा वस्तऱ्याच्या दाबानं मधे झोळ धरतो आणि त्या झोळात धार वळते. पाठीचं कातडं ताणत नाही. ओझं वाहिलेलं असतं, म्हणायचे.

ही वाटणी ते माणसांनाही लावायचे. मराठीच्या सभेत मराठीचा आणि कन्नडच्या सभेत कन्नडचा कैवार घेणारा एक पुढारी आमच्या दुकानात सीटकव्हर घालायला यायचा. तो गेला की आप्पा म्हणायचे, पोटाचा, ताणील तिकडं. माझ्या मालकाला ते पाठीचा म्हणायचे. मी कशाचा, हे मी कधी विचारलं नाही.

त्यांचा जुना पट्टा टांग्याच्या घोड्याच्या साजातला होता. बेळगावातले टांगे बंद पडायला लागले तेव्हा सासऱ्यांनी एका टांगेवाल्याकडून तो साज मागून आणला, त्यातला सरळ, व्रण नसलेला तुकडा काढला आणि जावयाला दिला. सासरा चिकोडीकडचा, कन्नड बोलणारा, त्यानंच धंदा शिकवलेला. म्हणून आप्पांच्या शिव्या मराठीत आणि मोजणी कन्नडमध्ये. तो पट्टा कामाला लावायला त्यांना वर्ष लागलं होतं. मी एकदाच हात लावला. कातडं म्हणावं असं त्यात काही उरलं नव्हतं, नुसता गुळगुळीत गारवा, आणि हात ठेवला की लगेच ऊब.

तो पट्टा मेला औषधानं. त्या आजाराच्या साथीनंतर सलूनं उघडली तेव्हा प्रत्येक वस्तूवर सॅनिटायझर मारायची सवय लागली होती. मुलानं मोठ्या काळजीनं खुर्च्या पुसल्या, कैच्या पुसल्या आणि बापाचा पट्टाही रोज सकाळी न चुकता फवारला. बापाला काही होऊ नये म्हणून. सहा महिन्यांत चामड्यातलं तेल उडालं, पट्टा उन्हात राहिलेल्या चपलेसारखा झाला. गंमत अशी की ते आप्पांच्या हाताला कळलं नाही, कानाला कळलं. एक दिवस सहज वस्तरा ओढला आणि आवाज बदलला. त्यांनी पट्टा वाकवून उजेडात धरला, तेव्हा चिरा दिसल्या. मुलाला त्यांनी दोष दिला नाही. इतकंच म्हणाले की आवाज गेला. धोकटीत मात्र तो तसाच ठेवला.

मुलगी नऊ महिन्यांची झाली. वर्षाच्या आत जावळ काढायचं, म्हणजे हातात तीनेक महिने. मी दर महिन्याला मालकाचं रेक्झिन आणायला बेळगावला जायचो. आप्पांनी मला पट्ट्यासाठी चामडं आणायला सांगितलं. दीड हात लांब, तीन बोटं रुंद, दोन नाणी एकावर एक ठेवल्याएवढं जाड. वाकवून बघायचं, सुरकुती पडून लगेच गेली पाहिजे. आणि दुकानदाराला एवढं एकच विचारायचं, पाठीचं का पोटाचं. तो घुटमळला तर घ्यायचं नाही, निघून यायचं.

इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला काहीतरी फेडायची संधी मिळाली होती. मी वाटेत त्यांचा प्रश्न मनातल्या मनात घोकत होतो. दुकान चामड्याचं होतं, पण तिथं रेक्झिन, फोम, सगळंच होतं. दुकानदार फोनवर कन्नडात कुणाशी तरी तावातावानं बोलत होता. त्यानं हनुवटीनंच विचारलं, काय पाहिजे. मी बोट दाखवलं. त्यानं एक तपकिरी, छान दाणेदार पट्टी कापून गुंडाळली आणि 'असली' म्हणाला. मागं दोन गिऱ्हाइकं उभी होती. मी बाहेर आलो. काकतीच्या पुढं बस आली तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की विचारायचं राहिलं. उतरून परत जायला हवं होतं. पण मांडीवर मालकाच्या रेक्झिनचा गठ्ठा होता, आणि परत जाऊन दुकानदाराला काय तोंडानं विचारायचं, घेतलेल्या मालाबद्दल?

आप्पा स्टुलावर वाट बघतच होते. पट्टी हातात घेतली, अंगठा फिरवला, आणि माझ्या तोंडाकडं बघत विचारलं.

"पाठीचं," मी म्हणालो.

मी कुठलीच गोष्ट इतकी ठाम बोलत नाही. कदाचित म्हणूनच त्यांना ती पटली.

पट्टा मुरवायला त्यांनी जागा निवडली आमचं दुकान. मुलाच्या डोळ्यांसमोर नको म्हणून. आमच्या शटरच्या बाजूच्या जाळीला त्यांनी पट्टी अडकवली आणि रोज सकाळी फोमच्या थप्पीवर बसून काम सुरू केलं. पहिले आठ दिवस नुसतं ओल्या फडक्यानं पुसायचं आणि सावलीत वाळवायचं. मग एरंडेलाचे दोन थेंब. मग सोड्याची काचेची बाटली तिच्यावरून लाटण्यासारखी फिरवायची. आणि मग तळहात. एका हातानं पट्टी ताणून धरायची आणि दुसऱ्या तळहाताच्या मुळानं वरनं खाली रगडायची, शंभर वेळा. वंदु, येरडु, मूरु असं मोजत मोजत नूरुला थांबायचे, तपकीर ओढायचे, पुन्हा पहिल्यापासून.

"हाताची ऊब चामड्यात उतराय पायजे," ते म्हणायचे. "तेल, साबण, ह्यो सगळा पोशाख. खरं काम ऊब करती."

मी एकदा म्हणालो, आप्पा, तुम्ही दमलात, थोडं मी रगडतो. त्यांनी माझा हात उलटा करून बघितला आणि सोडून दिला. म्हणाले, तुमच्या हाताला घाम, पाव्हणं. सदा घाबरल्यावानी. वस्तरा गंजवाल माझा.

मधून मधून ते वस्तरा काढून ओढून बघायचे. चांगल्या पट्ट्यावर वस्तरा थोडा अडतो, कुणी पाठीमागून हळूच धरल्यासारखा. त्याला ते ओढ म्हणायचे. ती ओढ आली की पट्टा बोलतो, म्हणजे आवाज करतो. हा पट्टा गप्पच होता. आप्पा म्हणायचे, अजून कच्चा हाय, बोलंना. पण चमक मात्र भराभर येत होती. पट्टी माझ्याकडं वळवून ते दाखवायचे आणि मीही मान डोलवायचो.

आमच्या धंद्यात शिलाई झाली की दोऱ्याची टोकं लायटरनं जाळून टाकतात. मापाला कापताना उरलेला पट्टीचा एक तुकडा माझ्या मशिनवर पडला होता. एका दुपारी दोरा जाळताना लायटरची ज्योत त्याला लागली. खरं चामडं जळलं तर केस जळल्याचा वास येतो, हे रेक्झिनवाल्यालाही ठाऊक असतं. तो तुकडा वितळला. त्याचा काळा थेंब मशिनवर पडला आणि दुकानभर प्लॅस्टिकचा वास सुटला. तुकडा उकलून बघितला, तर आत चामड्याचा भुगा डिंकात थापलेला, खाली कापड आणि वर रंगीत प्लॅस्टिकचा थर. पाठीचं नाही, पोटाचंही नाही. तिला जनावरच नव्हतं.

आप्पा तेव्हा पलीकडं बसून रगडत होते. त्यांनी वर बघितलं नाही. नाक मेलेलं.

उद्या सांगू, असं मी त्या दिवशी ठरवलं. दुसऱ्या दिवशी ते आले तेव्हा त्यांच्या तळहाताच्या मुळाशी साल निघालेली होती, आणि त्यावर त्यांनी हळद लावली होती. असे चाळीस दिवस त्यांनी रगडलेले. आता कुठल्या तोंडानं सांगायचं? आधी दुसरं चामडं आणू, ते हातात देऊन मग सांगू, असं ठरवलं. पुढच्या फेरीला मालक स्वतःच बरोबर आला. असा एकेक दिवस मी माझ्याकडून उसना घेत गेलो. रोज सकाळी दुकान उघडलं की जाळीवर ती पट्टी, आणि तिच्यासमोर ते. मशिन चालवत मी त्यांची मोजणी ऐकायचो.

अशातच एक दिवस त्यांचा मुलगा आमच्या दुकानात आला. आप्पा जेवायला गेले होते. तो उभाच राहिला.

"तुमी जावळ आप्पाकडनं करून घेणार हाईसा म्हनं," तो म्हणाला. "करू नगा. साखरेनं त्यांची बोटं मेल्यात. चार-पाच वर्सं झाली. परवा चहाचा गरम गलास धरून बसलं, बोटाला फोड आला तरी पत्त्या न्हाय. म्हणून तर मी डोस्कं देत न्हाय त्यांच्या हातात. न्हायतर बापाला बाहेर स्टुलावर बसवाय मला काय हौस हाय व्हय?" मग खाली बघत म्हणाला, "मी सांगितलं म्हणून सांगू नगा. ते समजत्यात की हे कुणाला ठाव न्हाय."

तो गेला. मी मशिनवर बसून राहिलो, आणि माझ्या डोळ्यांसमोर एकामागून एक पट्टे यायला लागले. कंडक्टरची पिशवी. पोलिसाचा पट्टा. बोट फिरवायचं आणि नजर कुठं, तर माणसाच्या तोंडावर. त्यांना काही कळतच नव्हतं. आम्ही ज्याला ऐट समजत होतो तो साधा प्रश्न होता. बोटांनी सांगणं बंद केल्यावर त्यांनी चामडं माणसाच्या तोंडावर वाचायला सुरुवात केली होती, आणि ते जमतंय का हे बघायला गावभर पट्टे चाचपत होते. माझ्या तोंडावर त्यांनी वाचलं होतं, पाठीचं.

बायको मला रोज विचारायची, आप्पांचा हात बरा आहे ना? मुलीची टाळू अजून उडायची. ती झोपली की मी बघत बसायचो.

आता खरं तर सांगणं सोपं झालं होतं. चामडं खोटं निघालं, चूक माझी, एवढं म्हणालो असतो तरी पुरलं असतं. पण मग आप्पा उठून दुसरं चामडं शोधायला लागले असते. ते खरं मिळालं असतं, बोललं असतं, आणि ती मेलेली बोटं माझ्या मुलीच्या डोक्यावर आली असती. चामडं खोटं आहे तोवर धार येणार नाही, आणि धार येत नाही तोवर ते वस्तरा लावणार नाहीत. तेवढा त्यांच्या धंद्याचा मान मला माहीत होता. म्हणून मी गप्प बसलो. आधी भीतीनं गप्प होतो, आता मला कारण मिळालं. कारण मिळाल्यावर गप्प बसणं किती हलकं होतं, हे तुम्हालाही कधी ना कधी कळलं असेल.

जावळाच्या आदल्या दिवशी दुपारी आप्पा दुकानात आले. पट्टी जाळीवरच होती. त्यांनी वस्तरा तिच्यावर वीस-पंचवीस वेळा ओढला, वस्तऱ्याच्या पाठीवरून पलटत, पलटताना धार चामड्यात रुतू न देता. मग सदऱ्याची बाही वर सारून स्वतःच्या हातावरचे केस काढून बघितले. वस्तरा केसांवरून सरकत गेला. केस जिथल्या तिथं. त्यांनी वस्तरा मिटला.

"पाव्हणं, उद्याचं जावळ पोराकडनं करून घ्या."

मी मशिन थांबवलं.

"तीन म्हयनं रगडलं," ते म्हणाले. "ओढ धरंना. हातातली ऊबच गेली म्हणायची." ते पट्टीकडं बघत होते. "चामड्यात खोट असती तर गोष्ट येगळी हुती." मग त्यांनी मान वर केली आणि नेहमीसारखं माझ्या तोंडाकडं बघितलं. "पाठीचंच हाय न्हवं?"

"पाठीचंच," मी म्हणालो.

ते बराच वेळ बघत राहिले. काय वाचलं कुणास ठाऊक.

"मग हातच गेला," ते म्हणाले.

पोरीला वाचवायला मी तसं म्हणालो, हे मी नंतर जुळवलं. त्या क्षणी पोरगी माझ्या मनात नव्हती. ते माझ्याकडं बघत होते आणि मला त्यांच्यासमोर खोटा ठरायचं नव्हतं, एवढंच होतं. त्यांची बोटं गेली होती हे खरं. पण तळहात गेला नव्हता, ऊब गेली नव्हती, पन्नास वर्षांची समज गेली नव्हती. तेवढं तरी त्यांचं त्यांच्याकडं राहिलं असतं. ते मी एका शब्दात काढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी जावळ झालं. बाळाला मामाच्या मांडीवर बसवायचं असतं. मेहुण्याला हिंगोलीहून येणं जमलं नाही. आप्पांची बायको म्हणाली, हेच बसतील मामा म्हणून, आता हात मोकळेच आहेत. ती सहज बोलून गेली. आप्पा सलूनच्या खुर्चीवर बसले, मुलगी त्यांच्या मांडीवर, आणि मुलानं नवं पातं घालून पाच मिनिटांत डोकं साफ केलं. एकदाही रक्त आलं नाही. मुलगी रडली, पण जशी सगळीच रडतात तशी. सगळ्यांनी मुलाच्या हाताचं कौतुक केलं. ओले केस आप्पांच्या बोटांवर चिकटले होते. ते खुर्चीवरून उतरताना माझ्या बायकोनं ते बघितलं आणि फडकं पुढं केलं. त्यांनी फडक्याकडं बघितलं, आणि कशाला दिलंय ते न कळून ते परत केलं.

त्यानंतर धोकटी आली नाही. पुढं पुढं आप्पाही यायचे कमी झाले. आले तरी स्टुलावर बसून रस्ता बघायचे. चिकोडीची बस थांबायची, कंडक्टर उतरायचा, आपणहून पिशवी पुढं करून हसायचा. आप्पा रामराम करायचे आणि हात मांडीवरच ठेवायचे. चहावाला मला म्हणाला, तुमच्या आप्पांचं काय बिनसलंय? मी म्हणालो, वय झालं.

पावसाळ्यात जाळीवरच्या पट्टीला फोड आले. वरचा थर खपल्यांसारखा सुटायला लागला आणि खालचं पांढरं कापड दिसायला लागलं. मुलाच्या नजरेला पडायच्या आत मी ती काढून कचऱ्याच्या गाडीत टाकली. आप्पांनी पट्टी कुठं गेली हे कधी विचारलं नाही. दिवाळीनंतर ते गेले. पायाची जखम चिघळली. तीही त्यांना कळली नव्हती.

दहाव्याच्या दिवशी मुलानं मला बाजूला घेतलं. त्याचं डोकं नुकतंच केलेलं होतं. तो म्हणाला, चार वर्षं आम्ही सांगत होतो, वस्तरा खाली ठेवा म्हणून, ऐकलं नाही. तुम्ही काय सांगितलंत कुणास ठाऊक, पण तुमचं ऐकलं. कुणाच्या लेकराला काही झालं असतं तर म्हाताऱ्याचं नाव गेलं असतं. लई उपकार झालं तुमचं.

मी आयुष्यभर लोकांचे उपकार मोजत आलोय. माझे कुणी मोजले ते हे एवढेच. मी नाही म्हणालो नाही.

आता माझी दाढी तो स्वतः करतो, कामाच्या पोरांना हात लावू देत नाही. आतल्या थंड खुर्चीत मला बसवतो, नवं पातं माझ्यासमोर कागदातून काढून दाखवतो आणि गिऱ्हाइकांना सांगतो की हे आमच्या आप्पांचं माणूस. तेवढ्यात मी डोळे मिटून घेतो. साबण जाईल म्हणून मिटतोय असं त्याला वाटतं, आणि तो जपून, कडेकडेनं फेस लावतो.